पुतळा हलवता येतो. नोंद हलवावी का?

#थ्रेड

कलंकित ठरलेल्या खेळाडूंचा आणि प्रशिक्षकांचा सन्मान संघांनी पुढेही चालू ठेवावा का? एका पुतळ्याची, एका भित्तिचित्राची, आणि आधी पुसलेल्या व मग पुन्हा लिहिलेल्या १११ विजयांची ही कथा.

१/
२२ जुलै २०१२, रविवारची सकाळ. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील पेन स्टेट विद्यापीठात बीव्हर स्टेडियमच्या बाहेर जाळीचे कुंपण उभे राहिले. त्यावर निळे कापड ताणण्यात आले. कापडाआड कामगारांनी सात फुटांहून उंच असा ब्राँझचा पुतळा त्याच्या जागेवरून उखडला आणि स्टेडियमच्या आत नेऊन ठेवला. त्यानंतर तो पुतळा लोकांच्या दृष्टीस पडलेला नाही.

२/
पुतळा होता जो पॅटर्नो यांचा. १९५० साली ते सहायक प्रशिक्षक म्हणून या विद्यापीठात आले. १९६६ पासून २०११ पर्यंत, म्हणजे ४६ हंगाम, ते अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. ४०९ विजय आणि १९८२ व १९८६ ची राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या नावावर होती. अमेरिकेत विद्यापीठांचे फुटबॉल सामने म्हणजे मोठा लोकोत्सव असतो. बीव्हर स्टेडियममध्येच एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात.

३/
पॅटर्नोंची प्रतिष्ठा केवळ विजयांवर उभी नव्हती. खेळाडूने आधी विद्यार्थी असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी त्यांनी स्वतः देणगी दिली आणि इतरांकडूनही निधी मिळवला. ग्रंथालयाच्या एका भागाला आजही त्यांच्या कुटुंबाचे नाव आहे. पुतळ्यामागच्या भिंतीवर त्यांच्या नावापुढे तीन बिरुदे कोरली होती : शिक्षक, प्रशिक्षक, मानवतावादी. यातील तिसऱ्या बिरुदानेच पुढे सारा पेच निर्माण केला.

४/
जेरी सँडस्की हा पॅटर्नोंचा दीर्घकाळचा सहकारी. १९७७ मध्ये त्याने अडचणीत वाढणाऱ्या मुलांसाठी एक सेवाभावी संस्था काढली. १९९९ मध्ये तो प्रशिक्षकपदावरून निवृत्त झाला, परंतु संघाच्या इमारतीत त्याची ये-जा सुरूच राहिली. जून २०१२ मध्ये ज्यूरीने त्याला मुलांच्या लैंगिक शोषणाच्या ४५ आरोपांत दोषी ठरवले. खटला दहा मुलांच्या संदर्भातील होता. त्याला ३० ते ६० वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

५/
आता दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

फेब्रुवारी २००१ : एका तरुण सहायकाने संघाच्या स्नानगृहात सँडस्कीला एका लहान मुलाबरोबर पाहिले आणि दुसऱ्या दिवशी ते पॅटर्नोंना सांगितले. पॅटर्नोंनी ही गोष्ट आपले वरिष्ठ असलेल्या क्रीडासंचालकांच्या कानावर घातली. प्रकरण विद्यापीठाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत गेले. पोलिसांपर्यंत ते कोणीही नेले नाही.

नोव्हेंबर २००१ : त्याच विद्यापीठात पॅटर्नोंचा पुतळा उभा राहिला.

६/
दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, सँडस्कीवर आरोप ठेवले गेले. आणखी काही करायला हवे होते, अशी खंत पॅटर्नोंनी व्यक्त केली. ९ नोव्हेंबरला विश्वस्तांनी त्यांना पदावरून दूर केले. त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले आणि त्यांनी एका वृत्तवाहिनीची गाडी उलथवली. हा संताप प्रशिक्षक गेल्याचा होता. २२ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, पॅटर्नोंचे कर्करोगाने निधन झाले.

७/
१२ जुलै २०१२ रोजी, विद्यापीठानेच नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला. एफबीआयचे माजी संचालक लुई फ्री यांनी तो तयार केला होता. विद्यापीठाच्या अध्यक्षांसह तीन वरिष्ठ अधिकारी आणि पॅटर्नो यांनी ही माहिती दडवली, असा त्याचा निष्कर्ष होता. पॅटर्नो कुटुंबाने तो ठामपणे नाकारला आणि स्वतःच्या तज्ज्ञांकडून त्याचा प्रतिवाद करवून घेतला. पॅटर्नोंवर कोणताही खटला चालला नाही, ही बाबही नोंदवली पाहिजे.

८/
अहवालानंतर दहा दिवसांनी पुतळा हटला. हा पुतळा आता दुफळीचे कारण झाला आहे आणि जखमा भरून येण्याच्या आड येत आहे, अशी विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष रॉडनी एरिक्सन यांची भूमिका होती. ग्रंथालयाचे नाव मात्र त्यांनी तसेच ठेवले, कारण ते विद्याव्यासंगासाठी केलेल्या कार्याचे स्मारक होते. पुतळ्याच्या जागी झाडे लावण्यात आली. तेथे काय होते आणि ते का गेले, हे सांगणारे मात्र तेथे काही उरले नाही.

९/
दुसऱ्याच दिवशी विद्यापीठीय खेळांची नियामक संस्था एनसीएए पुढे सरसावली. सहा कोटी डॉलरचा दंड झाला, आणि १९९८ ते २०११ या काळातील संघाचे सर्व विजय रद्द ठरले. त्यांतील १११ विजय पॅटर्नोंच्या कारकिर्दीतले होते. एका सहीने ४०९ चे २९८ झाले. जानेवारी २०१५ मध्ये न्यायालयीन तडजोडीतून ते सारे विजय परत आले आणि २९८ चे पुन्हा ४०९ झाले.

१०/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. पुतळा काढणे आणि विजय पुसणे या दोन्ही गोष्टी त्या आठवड्यात एकाच शिक्षेच्या दोन बाजू म्हणून पाहिल्या गेल्या. वस्तुतः त्यांची जातकुळीच वेगळी आहे. विजय ही घडलेल्या गोष्टीची नोंद आहे. पुतळा हे आजच्या संस्थेचे रोज नव्याने केलेले विधान आहे : ‘हा मनुष्य आमचा आदर्श आहे.’ नोंद खरी किंवा खोटी असू शकते. विधान मागे घेता येते.

११/
नोंद पुसण्याचा खटाटोप फार जुना आहे. इसवी सन २११ मध्ये रोमन सम्राट कॅराकॅलाने आपला सख्खा भाऊ गेटा याचा खून करवला आणि साम्राज्यभरातील शिलालेखांतून त्याचे नाव खरवडून काढायला लावले. या राजकुटुंबाचे एक गोल चित्रफलक आज बर्लिनमध्ये आहे. त्यात आई, वडील आणि कॅराकॅला दिसतात. गेटाच्या चेहऱ्याच्या जागी केवळ पुसट डाग आहे. चित्र पाहणाऱ्याची नजर सर्वांत आधी त्या डागावरच जाते.

१२/
क्रिकेटने याबाबत अधिक शहाणपण दाखवले. जानेवारी २००० मध्ये सेंच्युरियन येथे, पावसाने वाया गेलेल्या कसोटीत दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने डाव सोडून देण्याचा प्रस्ताव मांडला आणि इंग्लंडने सामना दोन गडी राखून जिंकला. या खिलाडूवृत्तीमागे एका सट्टेबाजाचे पैसे आणि एक चामडी जाकीट होते, हे पुढे उघड झाले. क्रोनिएवर आजन्म बंदी आली. तो निकाल आजही नोंदवहीत जसाच्या तसा आहे.

१३/
त्यानंतरच्या महिन्यात वानखेडेवर तीन दिवसांत संपलेली कसोटी आणि दक्षिण आफ्रिकेने भारतात २-० ने जिंकलेली मालिकाही क्रोनिएच्याच नेतृत्वाखालची. मार्चमधील एकदिवसीय मालिकेच्या काळातील दूरध्वनी संभाषणे दिल्ली पोलिसांच्या हाती लागली आणि एप्रिलमध्ये प्रकरण फुटले. हे निकाल कोणी पुसले असते, तर ते कसे आणि कोणाच्या काळात लागले हेच पुढच्या पिढीला कळले नसते. नोंद राहिली, म्हणूनच संशयही राहिला. तो राहणेच योग्य आहे.

१४/
आता पेन स्टेटच्या गावातल्या भित्तिचित्राकडे वळू. मायकेल पिलाटो या चित्रकाराने गावातील नामवंतांना एका भिंतीवर रंगवले होते. आरोपांनंतर त्याने सँडस्कीला पुसले आणि तेथे रिकामी खुर्ची व निळी फीत रंगवली; ही फीत बालशोषणाविरुद्धच्या जागृतीचे चिन्ह आहे. पॅटर्नो वारले तेव्हा त्याने त्यांच्या डोक्यामागे तेजोवलय काढले. फ्री अहवाल आल्यावर ते वलय त्याने पुसून टाकले, मात्र पॅटर्नोंना भिंतीवर राहू दिले.

१५/
विद्यापीठ आणि नियामक संस्था यांना जे जमले नाही ते या चित्रकाराला जमले. माणूस त्याच्या जागी राहिला, कारण तो तेथे होताच. वलय गेले, कारण ते इतरांनी दिलेले होते. रिकामी खुर्चीही निनावी राहिली नाही. तिच्यावर कारण बांधलेले होते.

१६/
विरुद्ध बाजूचे म्हणणे हलके नाही. शेकडो तरुणांचे आयुष्य पॅटर्नोंनी घडवले. स्वतः त्यांनी कोणावर अत्याचार केला नाही. ऐकलेली गोष्ट त्यांनी वरिष्ठांना कळवली होती. मृत माणूस आपली बाजू मांडू शकत नाही. मग केवळ अहवालावरून मान काढून घेणे हा अन्याय नव्हे काय? सप्टेंबर २०१६ मध्ये, मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांच्या पहिल्या सामन्याला ५० वर्षे झाली म्हणून विद्यापीठाने मैदानावर त्यांचे स्मरण केले. तेव्हा अनेकांच्या मनात हाच युक्तिवाद होता.

१७/
मात्र या युक्तिवादात एक गृहीतक दडले आहे : पुतळा हा माणसाचा हक्क आहे आणि तो काढणे ही शिक्षा आहे. तुरुंगात टाकण्यासाठी निःसंशय पुरावा लागतो, कारण स्वातंत्र्य हा प्रत्येकाचा हक्क आहे. पुतळा मात्र कोणाचाच हक्क नसतो. तो संस्थेने आपखुशीने दिलेला मान असतो, आणि दिलेल्या मानाचा फेरविचार करण्यासाठी गुन्हा सिद्ध व्हावाच लागतो असे नाही. ‘मानवतावादी’ हा शब्द भिंतीवर मिरवावा एवढी खात्री आज उरली आहे का, एवढाच तो प्रश्न असतो.

१८/
मान हा संघाचा निर्णय असतो, हे पीट रोझच्या प्रकरणात स्वच्छ दिसते. बेसबॉलमध्ये ४,२५६ फटक्यांचा विक्रम करणाऱ्या रोझवर सट्टेबाजीसाठी १९८९ मध्ये बंदी आली. विक्रम तसाच राहिला. जून २०१७ मध्ये सिनसिनाटीच्या संघाने त्याचा पुतळा उभारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाच्या संघाने त्याचा ठरलेला गौरव रद्द केला. १९७० च्या दशकात, आपण अल्पवयीन असताना त्याने लैंगिक संबंध ठेवल्याचे एका स्त्रीचे निवेदन न्यायालयीन कागदपत्रांतून पुढे आले होते. आकडे दोन्ही शहरांत एकच होते. आपण कोणाला आदर्श म्हणून उभे करतो, याचे उत्तर प्रत्येक संघाने स्वतः दिले.

१९/
या वादात सर्वांत कमी बोलले जाते ते या विषयावर : सन्मान निष्पाप नसतो, त्याला वजन असते. ज्या संस्थेने एका संघाला आणि त्याच्या प्रमुखाला देवत्व बहाल केले आहे, तेथे त्या संघाची अब्रू जाईल असे बोलायला कोण धजेल? २००१ मध्ये फोन उचलून पोलिसांना कळवणे अवघड नव्हते. तरीही ते झाले नाही. खटल्यात सिद्ध झालेले काही अत्याचार २००१ नंतरचे आहेत. ती मुले वाचू शकली असती.

२०/
त्यामुळे पुतळा ठेवण्याचा प्रश्न मृत प्रशिक्षकापुरता उरत नाही. आज त्याच स्टेडियमसमोरून जाणाऱ्या, काही सांगू पाहणाऱ्या एखाद्या मुलाचा तो प्रश्न आहे. ‘येथे कोणाचा शब्द मोठा आहे?’ याचे उत्तर ते मूल त्या पुतळ्यात वाचते. पीडितांना विद्यापीठाने भरपाईपोटी दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली. ही भरपाई दिल्यानंतर तोच पुतळा पुन्हा उभा करणे म्हणजे दिलेला शब्द मागे घेणे होय.

२१/
सारांश असा. नोंदीला हात लावू नये : ४०९ हे ४०९ च राहावेत. मान मागे घ्यावा, तोही दिवसाउजेडी आणि कारण सांगून. मोकळ्या झालेल्या जागेवर झाडे लावून विसर पाडू नये. तेथे चार ओळींची पाटी असावी : येथे कोणाचा पुतळा होता, तो कोणत्या वर्षी उभारला, त्याच वर्षी कोणती गोष्ट दडून राहिली, आणि तो कधी व का काढला.

२२/
ही कल्पना नवी नाही. इसवी सनपूर्व ३८८ मध्ये ऑलिंपिया येथे थेसलीच्या युपोलस या मुष्टियोद्ध्याने तीन प्रतिस्पर्ध्यांना लाच दिली. दोषींकडून वसूल केलेल्या दंडातून झ्यूस देवाच्या सहा ब्राँझ मूर्ती घडवण्यात आल्या. त्यांना ‘झानेस’ म्हणत. पुढच्या शतकांत लबाडी करणाऱ्या इतरांच्या दंडातून आणखी मूर्ती आल्या. काहींवर लेख होते. ऑलिंपियातील विजय पैशाने नव्हे तर पायांच्या वेगाने आणि शरीराच्या बळाने मिळवायचा असतो, असा त्यांतील एकाचा आशय होता. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस या ग्रीक प्रवाशाने हे सारे दोषींच्या नावांसह लिहून ठेवले.

२३/
या मूर्तींची जागा विचारपूर्वक निवडलेली होती. खेळाडू स्टेडियमकडे जाताना ज्या वाटेने जात, तिच्याच कडेला त्या रांगेने उभ्या होत्या. मैदानात उतरण्यापूर्वी प्रत्येकाला त्यांच्या समोरून जावे लागे. मूर्ती काळाच्या ओघात गेल्या, पण त्यांचे दगडी चौथरे आजही तेथे आहेत. ग्रीकांनी दोषींची नावे पुसली नाहीत आणि त्यांना मानही दिला नाही. पुढच्या खेळाडूच्या वाटेवर त्यांनी फक्त ती गोष्ट उभी करून ठेवली.