शेवटची बस

ब्रेक नसलेली मोटारसायकल! ऐकून मीही हसलो होतो. २००६ साली कॉव्हेंट्रीला एम.एस्सी. करत होतो, तेव्हा एका संध्याकाळी शहराबाहेरच्या ब्रँडन स्टेडियमवर स्पीडवे बघायला गेलो. १९२८ सालापासूनचा ट्रॅक. ५०० सीसीचं एक सिलिंडर, एकच गिअर, टाकीत मिथेनॉल, आणि ब्रेक खरोखरच नाही. चौघं जण, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास. वळण डावीकडे आणि हँडल उजवीकडे! मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, डाव्या पायाचा पोलादी तळ जमिनीला घासतोय, माती थेट आपल्या अंगावर, हवेत जळक्या एरंडेलाचा वास. थिअरी ऑफ मशिन्सच्या लेक्चरला डोक्यावरून गेलेलं तिथं डोळ्यांना दिसलं.

शेजारचे आजोबा कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक रेसचे मार्क टिपत होते. पहिल्याला ३, मग २, १ आणि शेवटच्याला भोपळा. माझं पान कोरं बघून त्यांनी खिशातली जादा पेन्सिल दिली. (आपल्याकडे परीक्षेतसुद्धा कुणी देत नाही!) १५ पैकी १४ रेस मी लिहिल्या. शेवटची बस चुकेल म्हणून उठलो. आजोबा म्हणाले, एकच तर राहिलीय, थांब की. म्हटलं, पुढच्या वेळी नक्की.

मग थीसिस, नोकरी, परत येणं. २०१६ नंतर ब्रँडनला रेस झालीच नाही. मँचेस्टरचा हाइड रोड ट्रॅक तर १९८७ लाच गेला होता.

पत्रिका अजून माझ्याकडे आहे, पंधरावा रकाना कोरा. आणि ती पेन्सिलही. गडबडीत परत द्यायचीच राहिली.