थेऊरच्या वाटेवर रमाबाई

विंचूरची तीनपाटी सोडून येवल्याच्या रस्त्याला लागलो, तेव्हा कांद्याचे ट्रॅक्टर लासलगावकडे निघाले होते. मला जायचं होतं थेऊरला, थोरल्या माधवरावांच्या रमाबाईंसाठी.

विंचूर हे पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं गाव. पेशव्यांच्या घरातली भांडणं या मुलखाने जवळून पाहिली. उत्तरेला, चांदवडपलीकडे धोडप. तिथे 1768 च्या जूनमध्ये माधवरावांनी सख्ख्या काकांना, राघोबादादांना हरवलं आणि शनिवारवाड्यात आणून नजरकैदेत ठेवलं. पश्चिमेला नाशिकजवळ गंगापूर. मुलाशी बिनसल्यावर माधवरावांच्या आई गोपिकाबाई तिथे येऊन राहिल्या. रमाबाईंचा संसार पुण्याचा खरा, पण त्याला झळ लागली ती इकडून.

कोपरगावी गोदावरी ओलांडली. राघोबादादा इथेच 1783 मध्ये वारले. पुढे शिर्डी, अहिल्यानगर, आणि लोणीकंदहून केसनंदमार्गे थेऊर.

चिंतामणीचा लाकडी सभामंडप माधवरावांनी बांधलेला. क्षयाने अंग झिजलं तेव्हा ते याच गणपतीच्या पायाशी आले. 18 नोव्हेंबर 1772 ला गेले, वय अवघं 27. त्याच दिवशी रमाबाई सती गेल्या. मुळामुठेच्या काठी त्यांचं वृंदावन आहे. पाण्यावर जलपर्णी पसरलेली. एक बाई दगडावर हळदीकुंकू वाहत होत्या. मी विचारलं, “नेहमी येता का?”

“येते ना. एवढीशी पोर होती हो ती.”

पोरच म्हणायची. 1753 मध्ये लग्न झालं तेव्हा नवरा आठ वर्षांचा. सोळाव्या वर्षी तो पेशवा झाला आणि पुढची अकरा वर्षं निजाम, हैदर आणि घरचा काका यांना तोंड देण्यात गेली. त्यातून रमाबाईंच्या वाट्याला किती दिवस आले असतील? मूलबाळ नव्हतं. शेवटच्या दिवसाची तारीख सगळ्यांना ठाऊक, बाकीची माणूस म्हणून रमाबाई आपल्याला भेटते ती ‘स्वामी’ कादंबरीतून.

त्या जाण्याला मला पावित्र्याची झूल घालवत नाही. सतीबंदीचा कायदा 1829 चा. तो यायला अजून 57 वर्षं होती, आणि तिथे एक तरुण बाई जिवंत जळाली.

गोपिकाबाई मात्र 1788 पर्यंत जगल्या. मुलगा आणि सून एकाच दिवशी गेले, वर्षभरात धाकट्या नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. सुनेबद्दल त्या म्हातारीच्या मनात काय राहिलं असेल? पुढच्या खेपेला विंचूरहून नाशिकची गाडी धरायची आणि गंगापूर बघायचं ठरवलं आहे.