'थेन' बाय नाईट

गेल्या डिसेंबरात माझी टेक्सासची मावसबहीण पहिल्यांदाच एकटी भारतात यायची होती. एकटी म्हणजे मावशी आणि काकांशिवाय. वय तेवीस, जन्म ह्यूस्टनचा, मराठी मात्र माझ्यापेक्षा चांगलं! तिला मावशीने तिकडे दर रविवारी मराठी शाळेत पाठवलं आणि मला आईने इकडे कॉन्व्हेंटमध्ये घातलं. त्यामुळे आमच्या खानदानात 'सत्त्याहत्तर' म्हटल्यावर न थांबता आकडा लिहिणारी तीच. (मी मराठी विभागात लिहितेय म्हणून ज्यांच्या भुवया वर गेल्या असतील, त्यांनी त्या कृपया खाली घ्याव्यात.)

तर, येण्याआधी ताईने प्रश्नांची एक लांबलचक यादी पाठवली. पाणी कुठलं प्यायचं, चार्जरची पिन चालेल का, वगैरे वगैरे. शेवटचे दोन प्रश्न असे होते : "थेनमध्ये नाईटलाईफ काय आहे? आणि रात्री परत कसं यायचं?"

'थेन' हे कुठलं गाव हे मला आधी कळेचना. मग ट्यूब पेटली. ठाणे! इंग्रजी स्पेलिंग वाचून बिचारीने सरळ उच्चार केला होता. वर्तकनगरमध्ये जन्म काढलेल्या माझ्या आईने यादी वाचली आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर जागच्या जागी देऊन टाकलं : "साडेनऊला जेवण, दहाला सिरीयल, अकराला गॅसचा नॉब बंद. हे नाईटलाईफ."

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कोणालाच पटकन देता येईना. रात्री परत कसं यायचं? येतो की आपण! पण कसं, ते लिहून द्यायचं म्हटल्यावर मी चक्क तीन पानं भरली. त्यातलंच थोडं इथे देतेय. आपले सिनियर्स दरवर्षी एमएसला डॅलसला जातात, आर्लिंग्टनला जातात, कॉलेज स्टेशनला जातात (हे गावाचं नाव आहे, रेल्वे स्टेशन नव्हे). त्यांना तिकडचे सिनियर्स टिप्स देतात. तिकडून इकडे येणाऱ्याला कोण देणार?

पहिली टीप : रिक्षात बसल्यावर पत्ता सांगायचा नाही. सोसायटीचं नाव, प्लॉट नंबर, पिनकोड हे सगळं कुरिअरवाल्यासाठी असतं. रिक्षावाल्याला 'वर्तकनगर नाका' म्हणायचं किंवा 'साईबाबा मंदिर'. आमच्याकडे खुणा माणसांपेक्षा जास्त जगतात. पोखरण रोडवरची रेमंडची गिरणी बंद झाली, त्या जागेवर टॉवर उभे राहिले, तरी अजून 'रेमंड' म्हटलं की रिक्षा बरोबर तिथेच थांबते.

दुसरी टीप : ठाणे स्टेशनला पश्चिमेलाच उतरायचं. चुकून पूर्वेला उतरलीस तर कोपरीत पोचशील आणि वर्तकनगरला जायला पुन्हा सगळा पूल चढून यावं लागेल. पश्चिमेला बाहेर आलं की डोक्यावर सॅटिसचा पूल आहे, टीएमटीच्या बस तिथे वर लागतात. शेवटची बस किती वाजता हे मी लिहून देत नाही, कारण ते कंडक्टरच्या तोंडून ऐकलेलंच खरं! बस नसेल तर शेअर रिक्षाची रांग. मागे तीन माणसं बसली की रिक्षा सुटते. चौथा ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर टेकतो, ते बेकायदेशीर आहे आणि रोज घडतं. मीटरने जायचं असेल तर फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरचे २६ रुपये आहेत आणि पुढे किलोमीटरला सतरा रुपयांच्या वर. म्हणजे स्टेशन ते आमचं घर दिवसा पाऊणशेच्या आसपास. रात्री बारा ते पहाटे पाच पाव पट जास्त द्यायचे. हे 'नाईट चार्ज' कायदेशीर आहेत, तेव्हा रिक्षावाल्याशी भांडू नये. पाव पटीच्या ऐवजी दुप्पट मागितले तर मात्र अवश्य भांडावं. तुझं मराठी चांगलं आहे, उपयोग होईल.

आता नाईटलाईफ. ताईच्या डोक्यात ऑस्टिनचा सिक्स्थ स्ट्रीट होता, म्हणजे ओळीने बार आणि प्रत्येकातून वेगळं गाणं. तिला मी आधी कायदा सांगितला. टेक्सासमध्ये एकविसाव्या वर्षी माणूस पूर्ण सज्ञान. महाराष्ट्रात बीयरला २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला २५. म्हणजे तेवीस वर्षांची ताई विमानात बसली तेव्हा सज्ञान होती आणि उतरली तेव्हा निम्मी! (मी वीस. माझा प्रश्नच येत नाही. हे वाक्य खास बाबांसाठी, ते हा अंक वाचतात.)

मग आमची रात्र कुठे असते? तर तलावपाळीला. मासुंदा तलावाच्या कडेने रात्री अकरापर्यंत अख्खं ठाणे फिरत असतं. आजोबा, नवी जोडपी, ढकलगाडीतली बाळं, कुल्फी. समोर गडकरी रंगायतन. १९७८ पासून ठाणेकरांच्या रात्री तिथे जातायत. साडेआठचं नाटक, मध्यंतरात बटाटावडा आणि सुटल्यावर तळ्याभोवती एक चक्कर. ताईला मी नाटकाला नेलं. तिला विनोद कळले, लोक मध्येच वाक्यावर टाळ्या का वाजवतात ते कळलं नाही. पण बाहेर पडल्यावर ती जे म्हणाली ते मला आधी कधी सुचलंच नव्हतं. "साडेअकरा वाजलेत आणि रस्त्यावर आज्या आहेत!" ह्यूस्टनमध्ये म्हणे रात्री साडेअकराला फुटपाथवर चालणारी आजी दिसली तर कोणीतरी काळजीने गाडी थांबवून विचारेल.

उपवन तलाव तर आमच्या घरापासून चालत. तिथे रात्री बसावं, मका खावा. पण तिथून पुढे येऊरचा रस्ता चढतो, तो रात्री नाही. कितीही हॉटेलांच्या पाट्या दिसल्या तरी नाही. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि रात्री तिथलं नाईटलाईफ बिबट्याचं असतं. थर्टी फर्स्टला तिथे बाईकवरून आरडाओरडा करत जाणाऱ्यांबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही.

आणि आता लोकल. भारतातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघून ठाण्याला आली. आम्हा ठाणेकरांना दुसरं काही येत नसलं तरी ही तारीख येते. ३४ किलोमीटर. आज त्याच प्रवासाला सेकंड क्लासचे १५ रुपये लागतात. मुंबईला रात्री फिरायला गेलीस तर एवढंच लक्षात ठेव, की सीएसएमटीहून शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाच्या आत सुटते. नक्की मिनिट त्या दिवशी बोर्डावर बघायचं, वेळापत्रक बदलत असतं. ती गेली की पहाटे चारच्या सुमारापर्यंत काही नाही. रविवारी मेगाब्लॉक. दारात लटकायचं नाही, वारा कितीही छान लागला तरी. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ भर गर्दीच्या वेळी लोकलमधून माणसं पडून मेली. तेव्हा हे मी फॅशन म्हणून सांगत नाहीये.

मरीन ड्राइव्हवरून परत येताना आम्ही पावणेबाराच्या सुमाराची गाडी पकडली. लेडीज डबा. रात्री प्रत्येक लेडीज डबा बायकांसाठी राखीव नसतो, जिथे चोवीस तासांची पाटी असते तोच बघून चढायचं. रात्री त्यात पोलीस असतो. आमच्या डब्यातला शिपाई कोपऱ्यात बसून जांभया देत होता. समोर एक नर्स, सँडल काढून पाय वर घेऊन बसलेली. दोन मुली कॉल सेंटरच्या, गळ्यात आयकार्ड. केटरिंगवाल्या चार बायका, मधे मोठ्ठे रिकामे टोप. क्लिपा आणि कानातली विकणारी बाई स्वतःचा हिशोब करत होती, धंदा संपला होता तिचा. ताई पहिल्या दहा मिनिटांत पर्स छातीशी धरून बसली होती. भायखळा गेलं, दादर गेलं. कुर्ल्यापर्यंत नर्सने तिला विचारून झालं होतं की लग्न झालंय का, अमेरिकेत नर्सला पगार किती, आणि एवढी बारीक का. मुलुंड गेल्यावर नर्सनेच सांगितलं, "आता उठा, ठाण्याला कुठल्या बाजूला येईल ते मी सांगते."

स्टेशनवर उतरल्यावर ताई म्हणाली, "तिकडे रात्री बाराला मी नेहमी एकटी असते. गाडीत. दारं लॉक करून."

हे मला नीट समजून घ्यायचं होतं, म्हणून घरी येऊन खोदून खोदून विचारलं. तिचं घर ह्यूस्टनच्या उपनगरात. शहराच्या मधल्या भागात २००४ पासून एक छोटी रेल्वे आहे, पण ती हिच्या घराच्या आसपासही येत नाही. केटी फ्रीवे नावाचा रस्ता आहे, बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी २६ लेन! डॅलस आणि फोर्ट वर्थच्या मधलं आर्लिंग्टन तर चार लाखांच्या आसपास वस्तीचं शहर, तरी तिथे आपल्यासारखी ठरलेल्या मार्गाची बस नाही, ॲपवर व्हॅन बोलवायची. (ठाणे शहर २०११ च्या जनगणनेतच अठरा लाखांचं होतं, म्हणून टीएमटीला शिव्या घालताना थोडं थांबा.) तिकडे पार्टीला जाताना ग्रुपमधला एक जण न पिण्याची शपथ घेतो, कारण त्याला सगळ्यांना घरी सोडायचं असतं. रात्री दोनला बार बंद आणि सगळं शहर गाडीने घरी. ज्याच्याकडे गाडी नाही तो दुसऱ्याकडे राईड मागतो. आपले सिनियर्स तिकडे गेल्यावर पहिलं सेमिस्टर नेमकं हेच करतात. किराणा आणायलासुद्धा राईड.

मग मला वाटलं, वा, आपण जिंकलो! पण ताईने लगेच विचारलं, "मग काल बाबा खाली का आले होते?"

हो, तेवढं तिने बरोबर बघितलं होतं. रात्री एक वाजता रिक्षा नाक्यावर थांबली तेव्हा माझे बाबा स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून नाक्यावर उभे होते. नाका ते आमची बिल्डिंग, मोजून पाच मिनिटं. सीएसएमटीपासून ३४ किलोमीटर मी पोलीस, नर्स आणि रिकाम्या टोपांच्या सोबतीने येते. पुढे चार-साडेचार किलोमीटर रिक्षात. शेवटच्या त्या अर्ध्या किलोमीटरला माझ्याकडे फक्त बाबा आहेत. तिथे बस नाही, रांग नाही, दुकानं बंद, मधला एक दिवा कायम गेलेला. त्या नर्सला कळव्याला उतरायचं होतं. तिला घ्यायला कोण आलं असेल, हे मी त्या रात्री विचारलं नाही आणि नंतर बरेच दिवस तेच डोक्यात होतं. बाबा काही कायम नाक्यावर उभे राहू शकणार नाहीत. पुढच्या वर्षी नोकरी लागली की मी रोजच उशिरा येणार आहे.

जाण्याआधी ताई दोन दिवस माझ्याबरोबर इथे हॉस्टेलवरही येऊन राहिली, रेक्टर मॅडमच्या परवानगीने, गेस्ट चार्ज भरून. नऊला मस्टरवर सही, साडेनऊला गेट बंद. मुलांचं गेट अकराला. ताई म्हणाली, "तू मुंबईहून रात्री एकला घरी येतेस, मग इथे साडेनऊ का?" मी म्हटलं, स्टेशनपासून आपल्याकडे येणारी शेवटची बस नऊची, मग रस्ता सुनसान. "मग मुलं अकराला कशाने येतात?" चालत येतात. त्याच रस्त्याने.

मला इथे भांडण काढायचं नाही. रेक्टर मॅडमची काळजी खरी आहे, आमच्यातली एक मुलगी तापाने फणफणली तेव्हा त्या स्वतः रात्रभर जाग्या होत्या. पण यूजीसीच्या २०१५ च्या नियमावलीत स्पष्ट म्हटलंय, की सुरक्षेचं कारण सांगून मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. लायब्ररी दहापर्यंत उघडी असते आणि तिथे साडेनऊनंतर एकही मुलगी दिसत नाही. सबमिशनच्या आठवड्यात हे किती जड जातं ते विचारा कोणालाही. कॉलेजची पांढरी व्हॅन संध्याकाळी सातनंतर पार्किंगमध्ये उभी असते. तिने रात्री साडेदहाला स्टेशनहून एक फेरी मारली, आणि लायब्ररी ते हॉस्टेलच्या वाटेवर चार दिवे लागले, तर गेट अकराला बंद करायला कोणाचीच हरकत राहू नये. मुलांनाही त्या व्हॅनमध्ये बसू द्यावं. पाऊस काय त्यांनाच भिजवतो असं नाही.

तसा अर्ज आम्ही लिहिला आहे, मराठीत. व्याकरण ताईने जाताना तपासून दिलंय. मेसच्या दाराशेजारी टेबलावर ठेवलाय, आज सकाळपर्यंत ६३ सह्या झाल्या होत्या. पेन मात्र स्वतःचं आणा, ठेवलेली तिन्ही गायब झाली आहेत.