सीतेची वेणी

एका असमिया कथेचा अनुवाद करताना ‘कपौ फुल’पाशी अडले. कपौ म्हणजे होला. बोहाग बिहूत, एप्रिलमध्ये, मुली ही फुलं अंबाड्यात माळतात. फोटो पाहिला, तर आमच्या कोकणातली सीतेची वेणी! आसामचं ते राज्यफूल. आमच्याकडे मात्र लोक त्याला बांडगूळ समजतात. खरं तर ही आमरी झाडाचं काही खात नाही, नुसती सालीला धरून पावसाची, हवेतली ओल पिते. रस्ता रुंद करताना माहेरच्या दारातला आंबा तोडला, त्याबरोबर फांद्यांवरच्या वेण्याही गेल्या. त्यातलं एक रोप मी सुतळीने जांभळाला बांधलं.

अनुवादात ‘कपौ’च ठेवलं. ‘सीतेची वेणी’ म्हटलं की मला पहिला पाऊस दिसतो, बिहू नाही. जांभळावर दोन पावसाळ्यांनंतरही नुसती पानंच आहेत.