मौलमेनच्या रस्त्यावर

रंगूनहून दक्षिणेकडे निघालेली बस पेगू मागे टाकते, सितांग नदी ओलांडते आणि थातोन गाठते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातशेती आणि रबराच्या बागा. मध्येच एखाद्या टेकडीच्या माथ्यावर सोनेरी पॅगोडा चमकून जातो. शेवटी साल्वीन नदीवरचा तीन किलोमीटरहून लांब पूल लागतो. त्याच्या पलीकडे मौलमेन, पावसाच्या बाबतीत आपल्या कोकणालाही मागे सारणारे गाव.

2021 च्या लष्करी उठावापूर्वी अमेरिकन बॅप्टिस्टांचे गट या गावी येत. डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकन मिशनरी ॲडोनिराम जडसन यांच्या ब्रह्मदेशातल्या आगमनाची द्विशताब्दी रंगूनमध्ये साजरी झाली, तेव्हाही असे पाहुणे आले होते. काही गटांना ना इमारत बांधायची असे, ना औषधे वाटायची. स्थानिक पाळक आणि त्यांच्या पत्नींना एकत्र बसवायचे, त्यांचे ऐकायचे, त्यांच्यासोबत प्रार्थना करायची, एवढेच काम असे. मंडळीचे सुखदुःख रोज ऐकणाऱ्या या जोडप्यांना स्वतःचे सांगायला जागा नसते. मौलमेनमध्ये आलेल्या पाहुण्याला मात्र इथला इतिहासच सांगतो की, या कामाचे ओझे पहिल्यापासून पतिपत्नी दोघांच्या खांद्यावर होते.

या इतिहासाचे एक टोक मुंबईला जोडलेले आहे. 6 फेब्रुवारी 1812 रोजी अमेरिकेतल्या सेलम गावी पाच तरुणांना एकाच वेळी मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईला पोचले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. पुढे नारायण वामन टिळक याच मिशनमध्ये काम करू लागले. त्या पाचांपैकी जडसन यांना कंपनी सरकारने कलकत्त्यात टिकू दिले नाही. 13 जुलै 1813 रोजी ते पत्नी ॲन यांच्यासह रंगूनच्या बंदरात उतरले.

पहिल्या बाप्तिस्म्यासाठी त्यांना सहा वर्षे वाट पाहावी लागली. 27 जून 1819 रोजी माउंग नॉ यांनी बाप्तिस्मा घेतला. तोवर जडसन दांपत्याचे आठ महिन्यांचे बाळ दगावले होते. ॲन बर्मी शिकल्या, बायकांच्या सभा घेऊ लागल्या, सयामी भाषेत मत्तयाच्या शुभवर्तमानाचे भाषांतरही केले.

1824 मध्ये इंग्रज-ब्रह्मी युद्ध पेटले. जूनमध्ये राजधानी आव्यात जडसन यांना हेर समजून पकडले. रात्री कैद्यांचे पाय बांबूला अडकवून वर ओढले जात. ॲन गरोदर होत्या. त्या अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवत, पहारेकऱ्यांना लाच देत आणि तुरुंगात जेवण पोचवत. जडसन करत असलेल्या पवित्र शास्त्राच्या बर्मी भाषांतराचे हस्तलिखित त्यांनी उशीत शिवून नवऱ्याकडे दिले. जानेवारी 1825 मध्ये मुलगी मारिया जन्मली आणि तिला कडेवर घेऊन त्या पुन्हा तुरुंगाच्या दाराशी उभ्या राहिल्या.

मौलमेनच्या दक्षिणेला थानब्यूझायात लागते. पुढे समुद्रकाठी क्यायक्खामी, इंग्रजांचे ॲमहर्स्ट. 24 ऑक्टोबर 1826 रोजी ॲन इथे वारल्या. त्या वेळी तुरुंगातून सुटलेले जडसन इंग्रज वकिलातीबरोबर आव्याला गेले होते. सहा महिन्यांनी मारियाही गेली.

त्यानंतरचे जडसन सहसा व्याख्यानांत येत नाहीत. ते जंगलात झोपडी बांधून एकटे राहू लागले. स्वतःसाठी थडगे खणून त्याच्या काठावर बसत, असे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे. ब्रह्मदेशातल्या मिशनचा हा आधारस्तंभ काही काळ पार कोसळला होता. थकलेल्या पाळकांसमोर बोलताना त्यांच्या विजयाच्या कथेपेक्षा ही हकिगत अधिक उपयोगी ठरावी.

मौलमेनमध्ये 1827 साली स्थापन झालेली मंडळी आजही आहे. इथेच जडसन यांनी 1834 मध्ये संपूर्ण पवित्र शास्त्राचे बर्मी भाषांतर पुरे केले. त्याच वर्षी त्यांनी सारा बोर्डमन यांच्याशी लग्न केले. पहिले पती जॉर्ज वारल्यावरही सारा यांनी करेन लोकांमधले काम सोडले नव्हते. 1845 मध्ये मायदेशी जाताना सारा वारल्या आणि सेंट हेलेना बेटावर त्यांना पुरले. तिसऱ्या पत्नी एमिली या लेखिका होत्या. 1850 मध्ये जडसन यांचा समुद्रप्रवासात मृत्यू झाला, तेव्हा त्या मौलमेनमध्येच होत्या. पतीच्या निधनाची बातमी त्यांना काही महिन्यांनी कळली.

2014 च्या जनगणनेनुसार म्यानमारमध्ये ख्रिस्ती लोक 6.2 टक्के होते, त्यांतले बहुतेक करेन, काचिन आणि चिन. उठावानंतर या लोकांच्या प्रांतांची होरपळ झाली. सप्टेंबर 2021 मध्ये चिन राज्यातल्या थांटलांग गावात घरांना लागलेली आग विझवायला निघालेला एक तरुण बॅप्टिस्ट पाळक सैनिकांच्या गोळीला बळी पडला. काचिन बॅप्टिस्टांचे नेते खलाम सॅमसन यांना 2022 मध्ये अटक झाली आणि पुढच्या वर्षी सहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. जुलै 2024 मध्ये ते सुटले. हजारो चिन कुटुंबे सीमा ओलांडून मिझोराममध्ये आली आहेत, त्यांच्याबरोबर त्यांचे पाळकही.

म्हणजे भेटीची गरज वाढली आहे आणि रस्ता बंद झाला आहे. तरी मिझोराम भारतातच आहे, तिथे आलेल्या पाळकांना भेटता येईल. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या मराठी वाचकाला, धर्मकार्य करणाऱ्याच्या घरात त्या कार्याची किंमत कोण मोजते, हे नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आधीच सांगून ठेवले आहे. तेव्हा असा दौरा आखणाऱ्या मंडळीने पाळकाबरोबर पाळकीणबाईंच्याही प्रवासखर्चाची तरतूद करावी आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांना बोलायला वेळ राखून ठेवावा.