पारख

भूम तालुक्यातील काळ्या मातीच्या शेतवाटांवर परतीच्या पावसात आमची गाडी हमखास रुतत असे. सोयाबीनच्या खरेदीसाठी चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. पदरी मात्र तीनच लाख रुपये होते.

धाराशिवला दोन जुन्या बोलेरो पाहिल्या. पहिली चकचकीत होती आणि मुलाच्या मनात भरली. पण तिच्या चासीवर ताजा रंग फासलेला होता आणि आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. दुसरीचा पत्रा चेपलेला होता. तिच्या मालकाने न विचारताच सांगितले, "शेठजी, क्लच संपत आला आहे. तो खर्च किमतीतून वजा करा."

फोर-व्हीलची परीक्षा कोरड्या डांबरी रस्त्यावर घेऊ नये, गिअरवर ताण येतो. म्हणून दोन्ही गाड्या ओल्या रानात नेल्या. पहिलीची पुढची चाके फिरलीच नाहीत. दुसरी लो गिअरमध्ये सहज बाहेर आली. तीच घेतली.

मालाचा दोष ग्राहकास आधी सांगावा, असे वडील म्हणत. त्या दिवशी मी स्वतः ग्राहक होतो. घरी परतल्यावर, चांगल्या मालात मिसळण्यासाठी ठेवलेली ओल लागलेली तूर मी वेगळी काढली.