घट बसायच्या आधीचं धुणं

पितृपंधरवडा संपत आला, पाऊस ओसरला, की आमच्या लहानपणी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण बाहेर निघायचं. घट बसायच्या आत ते धुऊन झालंच पाहिजे, हा दंडक होता. गावात नदी किंवा ओढा, शहरात वाड्यातला हौद नाहीतर चाळीतला सामायिक नळ. आधी चादरी, मग गोधड्या, आणि अंगात उरलेला सगळा जोर राखून ठेवायचा तो सतरंज्यांसाठी.

कोरडी सतरंजी आम्ही पोरंही काखेत मारून न्यायचो. भिजली की ती दोघींनाही उचलवत नसे. आई एका टोकाला, काकू दुसऱ्या टोकाला, आणि दोघी उलट दिशांनी पीळ घालायच्या. त्या पिळातून निघणारं पाणी आधी मातकट, मग निळसर, मग हळूहळू नितळ होत जायचं. नितळ होईपर्यंत सुटका नव्हती.

सतरंजी सोलापूरची असो की येरवड्याच्या कारागृहात कैद्यांनी विणलेली, घरातलं सगळं तिच्यावरच घडायचं. सत्यनारायण, संक्रांतीचं हळदीकुंकू, बारशाला जमलेल्या बायका, परीक्षेचा अभ्यास, मुक्कामी आलेले पाहुणे. त्यामुळे वर्षाचे डाग तिच्यावर साठलेले असत, आणि ते काढण्याचं खरं शास्त्र होतं आज्यांकडे.

आजी साबणाला लगेच हात लावू देत नसे. डागावर नख फिरवायची, वास घ्यायची आणि विचारायची, "कशाचा गं हा? आणि कधीचा?" उत्तर मिळाल्यावरच पुढचं ठरायचं. हा प्रश्न किती मोलाचा होता, ते आम्हाला फार उशिरा उमगलं. हळदीच्या पिवळ्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो, कारण साबण क्षारी असतो आणि क्षार लागला की हळद रंग बदलते. अस्सल कुंकू हळदीला चुना नाहीतर टाकणखार लावून करतात, ते याच गुणावर. म्हणून अशा कुंकवाच्या डागावर आजी लिंबू पिळायची. लाल डाग पिवळा व्हायचा, मग सतरंजी गच्चीवर कडक उन्हात. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. दोन-तीन उन्हं खाल्ली की डाग दिसेनासा व्हायचा. रसायनशास्त्राचं पुस्तक तिने उघडलंही नव्हतं, पण आम्ल, क्षार आणि ऊन या तिघांचा खेळ तिला पक्का ठाऊक होता.

शाईचे डाग आम्हा मुलांची देणगी. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये गिरगावात घोडा छाप शाईने ज्याची सुरुवात केली, त्या कॅम्लिनच्या दौती तोवर घरोघरी पोचल्या होत्या. निळी-काळी शाई सांडली की त्यावर आंबट ताक ओतायचं, मुरू द्यायचं, पुन्हा ताजं ताक घालायचं. त्या शाईत लोहाचा अंश असतो आणि तो आंबटाला वश होतो. गंजाच्या डागाला लिंबू-मीठ चालतं ते त्यामुळेच. दूध किंवा रक्त सांडलं तर गार पाणीच, कारण गरम पाण्याने ते धाग्यात शिजून बसतं. समईचं तेल सांडलं की लगेच पीठ पसरून ठेवायचं. चपलेबरोबर आलेल्या डांबरावर आधी खोबरेल चोळायचं, मगच साबण. पानाच्या पिंकेपुढे मात्र सगळ्यांनीच हात टेकले होते.

घोंगडीचा न्याय वेगळा. ती लोकरीची, विणताना चिंचोक्याची खळ दिलेली. तिला गरम पाणी नाही, पीळ नाही, बडवणं नाही. रिठ्याच्या फेसात अलगद दाबायची आणि दगडावर पसरून पाणी निथळू द्यायचं.

पुढे 1959 मध्ये सर्फ आलं, 1969 मध्ये अहमदाबादेत निर्मा निघाली आणि काही वर्षांत ती पिवळी पूड आमच्याही घरात आली. त्या पुडीने आईच्या कमरेचे आणि गुडघ्यांचे हाल कमी केले, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. नदीवरच्या त्या धुण्याची गोडी आम्हा काठावर खेळणाऱ्यांना. वाकून बडवणाऱ्यांच्या वाट्याला कष्टच होते. पण प्रत्येक डागाला एकच पूड मिळाली आणि "कशाचा, कधीचा" हे विचारणं थांबलं. आजीचं ते सगळं ज्ञान कुणी वहीत उतरवलं नाही. पुरणपोळीची कृती लिहून घेतली, लोणच्याचं प्रमाण लिहून घेतलं. डागांचं कुणाच्या मनातही आलं नाही.

ज्यांच्या घरात ऐंशीच्या पुढची आजी, मावशी, आत्या आहे, त्यांनी या नवरात्राआधी तिच्याजवळ बसावं. एकेका डागाचं नाव घेऊन तिला विचारावं आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवावं. आणि जुनी सतरंजी धुवायला काढणार असाल, तर तिचा एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्याने पुसून पाहा. फडक्याला रंग लागला तर लिंबू, ताक, ऊन यांतलं काहीही तिला लावू नका. गार पाण्यात झटपट खळबळून सावलीतच वाळवा.